प्लेलिस्टचा कारभारी

संगणकावर किंवा हातातल्या फोनवर गाणी ऐकणाऱ्या माणसाची सर्वसाधारण समजूत अशी असते की, प्लेलिस्ट ही गाण्यांनी भरलेली काहीतरी वस्तू आहे. परंतु ज्या फाइलीला हे नाव आहे ती मजकूर लिहिण्याच्या एखाद्या साध्या प्रोग्राममध्ये उघडून पाहिली, तर तिच्यात गाण्याचा एक स्वरही आढळत नाही. आढळते ती निव्वळ फर्द. सर्वांत प्रचलित असलेल्या एम-थ्री-यू प्रकाराच्या फाइलीत आरंभी तिची ओळख पटवणारी एक खूण असते, आणि त्यानंतर प्रत्येक ध्वनिमुद्रणासाठी दोन-दोन ओळी येतात: पहिलीत त्याची लांबी सेकंदांत आणि स्वल्पविरामानंतर त्याचे नाव, दुसरीत ती ध्वनिफाइल डिस्कवर कोणत्या फोल्डरात ठेवली आहे त्याचा पत्ता. १९९५ साली जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या विनप्ले-थ्री या प्लेअरबरोबर हा प्रकार अवतरला तेव्हा त्यात लांबी आणि नाव हा तपशीलही नव्हता. नुसते पत्ते एकाखाली एक लिहिलेले असत, आणि तपशिलाची भर पुढे विनॅम्प या प्लेअरने घातली. इतक्या किरकोळ दस्तऐवजाचे आयुष्य फार असणार नाही असे कोणालाही वाटले असते. पण २००९ साली ॲपल कंपनीने थेट प्रक्षेपणाची जी पद्धत आणली तिने याच फर्दीचा आधार घेतला, आणि आज फोनवर क्रिकेटचा सामना पाहणाऱ्याला कल्पनाही नसते की, काही सेकंदांच्या तुकड्यांची एक एम-थ्री-यू यादी त्याचा फोन पडद्याआड पुन्हा पुन्हा मागवून घेत असतो.

यादी एवढी निराकार असल्यामुळे तिचा अंमल करणाऱ्या प्लेअरलाही संगीतातले यत्किंचित कळण्याची गरज पडत नाही. पहिला पत्ता घ्यावा, ती फाइल वाजवावी, संपली की दुसरा घ्यावा. फार तर मालकाच्या हुकमाने क्रम पिसावा किंवा यादी संपल्यावर पुन्हा आरंभाकडे वळावे, इतकेच त्याचे कर्तव्य. पहाटेच्या भैरवापाठोपाठ मध्यरात्रीचा मालकंस आणि त्यामागून एखादे चित्रपटगीत लागले, तर यात काही विसंगत घडले असे त्याला वाटण्याचे कारण नाही. श्रोत्याच्या मनात मात्र क्रमाविषयी निश्चित कल्पना असतात, आणि त्या प्लेअरच्या मूळ रचनेत बसत नसल्या तर दोनच मार्ग उरतात: प्रत्येक वेळी हाताने यादी मांडत बसणे, अथवा आपला एक कारभारी प्लेअरच्या दरबारी नेमून देणे. या दुसऱ्या मार्गाला प्लगइन म्हणतात.

प्लगइन म्हणजे मूळ प्रोग्रामच्या कर्त्याने न लिहिलेला, परंतु त्याने आगाऊ ठरवून दिलेल्या अटींवर आत प्रवेश मिळवणारा लहानसा प्रोग्राम. या अटी म्हणजेच सारे प्रकरण होय. जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्डिरेव यांनी १९९७ साली प्रसृत केलेल्या विनॅम्पमध्ये प्लगइनचे खाते त्याच्या फाइलीच्या नावाच्या पहिल्या अक्षरांवरूनच ठरत असे: ‘इन’ने आरंभ होणारे प्लगइन निरनिराळ्या प्रकारच्या फाइली वाचणार, ‘आउट’चे आवाज बाहेर पोहोचवणार, ‘विस’चे पडद्यावर रंगीत आकृत्या नाचवणार, आणि ‘जेन’ म्हणजे किरकोळ सर्व कामांचे. यादीशी व्यवहार करू इच्छिणारे प्लगइन या शेवटच्या खात्यात दाखल होई आणि मुख्य खिडकीकडे क्रमांकांनी निरोप धाडी. १२४ क्रमांकाचा निरोप गेला की यादीत किती गाणी आहेत याचे उत्तर येई. २११ गेला की अमुक स्थानावरच्या फाइलीचा पत्ता हाती पडे. १२१ गेला की यादीतले चालू स्थान बदले. पद्धत रोखठोक होती, परंतु तीत एक मोठा धोका होता: हे प्लगइन विनॅम्पच्याच स्मृतीत, त्याच्या शेजारी नव्हे तर त्याच्या घरात राहत असे, आणि त्याने एखादा चुकीचा पत्ता चाचपला की त्याच्यासकट सारा प्लेअर कोसळे. हौशी माणसाने सी भाषेत लिहिलेल्या वीस ओळींच्या हातात एवढी सत्ता असणे शहाणपणाचे नव्हते.

व्हीएलसी या प्लेअरने याबाबत अधिक सावध धोरण स्वीकारले. रस्त्यावरच्या नारिंगी शंकूचे चिन्ह मिरवणारा हा प्रोग्राम मूळचा पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांचा. १९९६ साली त्याचा आरंभ झाला, आणि २००१ च्या फेब्रुवारीत विद्यालयाची अनुज्ञा मिळून तो सार्वजनिक मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. त्याचा गाभा लहान असून बाकी जवळजवळ सर्व कामे शेकडो स्वतंत्र घटकांवर सोपवलेली आहेत. त्यांपैकी एका घटकाचे काम लुआ या भाषेतील छोट्या संहिता चालवणे हे आहे. लुआ ही १९९३ साली ब्राझीलमधील रिओ दी जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली, मोठ्या प्रोग्रामच्या पोटात राहून काम करण्यासाठीच घडवलेली आटोपशीर भाषा. तिच्यातील संहिता यंत्रभाषेत रूपांतरित करून देण्याची आवश्यकता नसते. मजकुराची फाइल ठरलेल्या फोल्डरात ठेवली की काम झाले, आणि संहितेत चूक असली तर तेवढीच संहिता थांबते, प्लेअर बहुधा शाबूत राहतो. यूट्यूबच्या पानाची मांडणी बदलली की तेथील दृश्यफिती व्हीएलसीत लागेनाशा होतात, तेव्हा जाणते लोक संबंध प्लेअर नव्याने न उतरवता एकच लुआ फाइल बदलतात, ती या सोयीच्या बळावर.

यादीविषयक लुआ संहितेकडून व्हीएलसी दोनच गोष्टी मागतो: ‘प्रोब’ आणि ‘पार्स’ या नावांची दोन कार्ये. एखादी फाइल उघडली गेली की प्लेअर प्रत्येक संहितेच्या ‘प्रोब’ला क्रमाने विचारतो की, हे प्रकरण तुझ्या अखत्यारातले आहे काय? होकार देणाऱ्या पहिल्या संहितेच्या ‘पार्स’कडे मग ती फाइल सुपूर्त होते, तिने ओळीमागून ओळ वाचावी आणि शेवटी एक कोष्टक परत करावे, ज्याच्या प्रत्येक नोंदीत पत्ता, नाव, कलावंत वगैरे रकाने भरलेले असतील. हे कोष्टक हीच प्लेलिस्ट. नवशिक्याने ‘प्रोब’मध्ये सरसकट होकार लिहून ठेवला, तर त्याची संहिता तिच्याशी संबंध नसलेल्या फाइलींवरही हक्क सांगू लागते आणि साधे गाणेदेखील वाजेनासे होते. म्हणून आपल्या यादीच्या फाइलीला वेगळे विस्तारनाम द्यावे, आणि ते रोमन लिपीत ठेवावे. कारण पत्त्याच्या सांकेतिक रूपात देवनागरीतले एकेक वर्ण तीन बाइट्सचे, आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन चिन्हांचा, असे मिळून नऊ चिन्हांचे होऊन बसते.

आता कारभाऱ्याला काम काय सांगावे? मराठी श्रोत्याच्या संग्रहाला साजेसे काम समोरच आहे: ज्या घटकेला यादी उघडावी त्या घटकेचे राग तेवढे निवडून लावावेत. रागसमयाची कल्पना जुनी आहे. परंतु तिला नियमाचे रूप देण्याचे श्रेय विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचे. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेला, वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेला हा पंडित, घराण्याघराण्यांतून विखुरलेल्या सांगीवांगी प्रथांकडे कायद्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने पाहत होता, आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या मराठी ग्रंथाच्या भागांतून त्याने जे मांडले ते अनेक ठिकाणी कलमबद्ध वाटते. त्याचा समयसिद्धांत तर संगणकासाठीच लिहिला आहे की काय, अशी शंका यावी इतका नेटका आहे.

सिद्धांत असा. कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार घेणारे संधिप्रकाश राग चार ते सात या वेळात. रिषभ, गंधार व धैवत शुद्ध असणारे राग सात ते दहा. आणि गंधार कोमल असणारे दहा ते चार. हे चक्र दिवसातून एकदा व रात्रीतून एकदा असे दोनदा फिरते. एखादा राग यांपैकी कोणत्या फेरीत गायचा, हे त्याचा वादी, म्हणजे प्रमुख, स्वर सांगतो: वादी सप्तकाच्या पूर्वांगात, म्हणजे खालच्या अर्ध्यात, असेल तर मध्यान्हापासून मध्यरात्रीपर्यंतच्या बारा तासांत, उत्तरांगात असेल तर मध्यरात्रीपासून मध्यान्हापर्यंत. या दुसऱ्या कलमाची किमया पाहावयाची असेल तर भूप आणि देसकार समोरासमोर ठेवावेत. दोघांचे स्वर तेच पाच, षड्ज, रिषभ, गंधार, पंचम, धैवत, सर्व शुद्ध. परंतु भूपाचा वादी गंधार म्हणून तो रात्री सात ते दहात, आणि देसकाराचा वादी धैवत म्हणून तो सकाळी सात ते दहात. ज्याला कान नाही अशा यंत्रानेही वादीचा एक रकाना वाचून या दोन रागांची ताटातूट करावी, ही गोष्ट मला आजही नवलाची वाटते.

ही माहिती यंत्राला पुरवायची कोठून? ध्वनिफाइलींच्या पोटात गाण्याचा तपशील नोंदवण्याची सोय असते, परंतु तिची घडण परक्या मुलखात झाली. १९९६ सालच्या आयडी-थ्री या पहिल्या आराखड्यात फाइलीच्या शेवटचे १२८ बाइट्स नोंदीसाठी राखलेले असत, त्यांत नावाला ३० अक्षरे. ‘राग मियाँ की मल्हार – विलंबित ख्याल’ असे शीर्षक रोमन लिपीत लिहिले तर ३८ अक्षरे भरत असल्याने ‘विलंबित’चा शेवटचा वर्ण आणि संबंध ख्याल गळून पडे. संगीताच्या प्रकारासाठी एक बाइट होता आणि मूळ यादीत ८० प्रकार होते. त्यांत रॉक, जॅझ, पोल्का होते, राग नव्हता. नंतरच्या आवृत्तीत वापरणाऱ्याने स्वतःचे रकाने निर्माण करावेत अशी मुभा आली खरी, पण व्हीएलसीच्या ‘पार्स’ला यादीतल्या प्रत्येक फाइलीच्या पोटात शिरून ते वाचता येत नाही. तेव्हा सरळ उपाय म्हणजे आपली बाड आपणच लिहावी: प्रत्येक ओळीत ध्वनिफाइलीचा पत्ता, रागाचे नाव, रिषभ, गंधार आणि वादी, मध्ये उभ्या रेघा. हे टंकलेखन कंटाळवाणे आहे, आणि प्लगइनच्या एकूण श्रमांचा मोठा वाटा तेच खाते. संहिता त्यामानाने एका बैठकीत होते. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळावे लागते, कारण ‘पूर्वी’ आणि ‘पुर्वी’ हे यंत्राच्या लेखी दोन निराळे राग आहेत. काही संपादक फाइलीच्या आरंभी डोळ्यांना न दिसणारे तीन बाइट्स आपणहून घालतात, त्यामुळे पहिल्याच ओळीचा पत्ता खोटा ठरून पहिलेच गाणे वाजेनासे होते. लुआ तर देवनागरी अक्षरे जाणतच नाही, तिच्या हिशेबी ‘धैवत’ ही बारा बाइट्सची लांबण आहे. तुलना मात्र बिनचूक होते, आणि आपल्याला तेवढीच हवी असते.

वेळ काढणे सोपे. लुआकडून चालू तास मागावा, त्याला बाराने भागून बाकी घ्यावी, म्हणजे चक्राच्या दोन फेऱ्या एकावर एक येतात. बाकी चार ते सातच्या आत असेल तर संधिप्रकाश, सात ते दहाच्या आत असेल तर दुसरा वर्ग. तिसऱ्या वर्गासाठी मात्र हात आपोआप लिहून जातो की, बाकी दहा किंवा अधिक असावी आणि चारपेक्षा कमी असावी. आणि येथे संहिता मुकाट्याने निकामी होते, कारण एकाच वेळी दहाहून अधिक आणि चाराहून कमी असा आकडा जगात नाही. यंत्र तक्रार करीत नाही. रात्री दोन वाजता यादी उघडावी तर ती रिकामी निघते, इतकेच. ‘पहिल्या दोन वर्गांत न बसणारे सर्व’ असे लिहिले की काम भागते.

पण खरा पेच याच्या पुढे आहे, आणि तो संहितेतला नसून सिद्धांतातला आहे. पहिल्या दोन वर्गांना प्रत्येकी सकाळची एक व संध्याकाळची एक अशा दोनच वेळा असल्याने वादीवरून त्यांचा निकाल निर्वेधपणे लागतो: भैरवाचा वादी धैवत, तो पहाटे, पूर्वीचा वादी गंधार, ती सायंकाळी. तिसरा वर्ग मात्र दहा ते चार असा मध्यान्ह आणि मध्यरात्र ओलांडून जातो, त्यामुळे त्याचे चार तुकडे पडतात आणि त्यांपैकी दोन पूर्वांगाच्या, दोन उत्तरांगाच्या हिश्शाला येतात. दरबारी कानड्याचा गंधार कोमल आणि वादी रिषभ, म्हणजे पूर्वांगातला. नियमाप्रमाणे त्याला रात्री दहा ते बारा ही वेळ मिळते, परंतु दुपारी बारा ते चार हीदेखील तितक्याच हक्काने मिळते. तेव्हा भर दुपारी दोन वाजता, भीमपलासाच्या पंगतीला हे प्लगइन दरबारी आणून बसवते. ग्रंथ वाचणाऱ्या माणसाला ही उणीव कधी खटकत नाही, कारण दरबारी रात्रीचा हे त्याला आधीच ठाऊक असते आणि नियम वाचताना तो ते ज्ञान नकळत त्यात मिसळतो. ग्रंथकाराने स्वतःही प्रत्येक रागाची वेळ स्वतंत्रपणे दिलेली आहेच. यंत्राजवळ असे काही मिसळायला नसते. अलिखित शिरस्ता कोठे संपतो आणि लिखित नियम कोठे सुरू होतो, याची सीमा दुपारी दोनचा दरबारी जितकी लख्ख दाखवतो तितकी एखादी विद्वत्तापूर्ण चर्चाही क्वचितच दाखवील, आणि प्लगइन लिहिण्याच्या खटाटोपात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

वृंदावनी सारंगाची गोष्ट आणखी निराळी. त्यात गंधार वर्ज्य. बाडेत तो रकाना कोरा ठेवला की लुआला तेथे रिकामी अक्षरमाला मिळते. रिकामे म्हणजे कोमल नव्हे, म्हणून सारंग तिसऱ्या वर्गातून गळतो, रिषभ शुद्ध असल्याने दुसऱ्यात जातो, आणि वादीही रिषभच असल्यामुळे मध्यान्हीचा हा राग दिवेलागणीनंतर यमन-केदारांच्या मैफलीत जाऊन बसतो. ज्यांचा वादी मध्यम ते रागही असेच त्रास देतात, कारण मध्यम पूर्वांगाच्या टोकाला आहे आणि उत्तरांगाच्या आरंभालाही आहे. ललिताला तो पहाटेकडे ओढतो, भीमपलासाला दुपारकडे.

यावर पुष्कळ हुशार युक्त्या करता येतील, परंतु मला त्या रुचत नाहीत. नियमाला पोटनियम आणि पोटनियमाला अपवाद जोडत गेले, तर शेवटी संहिता अशी काही होते की लिहिणाऱ्यालाही ती सहा महिन्यांनी उलगडत नाही. त्यापेक्षा बाडेत ‘वेळ’ नावाचा आणखी एक रकाना करावा. तो कोरा असेल तेथे सिद्धांत चालावा, आणि भरलेला असेल तेथे त्यातला मजकूर सिद्धांतावर मात करील असे एका ओळीत सांगून टाकावे. विशेष कलम सामान्य कलमाला बाजूला सारते, हे तत्त्व भातखंड्यांनाही परके वाटले नसते. दरबारी, सारंग, मालकंस, ललित यांचे रकाने भरले की पेच सुटतो, आणि अपवाद संहितेत दडून न राहता जेथे कोणालाही वाचता येतील तेथे राहतात.

घड्याळाचीही एक कुरबुर आहे. संधिप्रकाश राग संधिप्रकाशाचे, चार वाजताचे नव्हेत. मुंबईत सूर्य जूनमध्ये सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सव्वासातला; लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी श्रोत्याकडे तर जूनमध्ये तो रात्री नऊनंतर मावळतो, आणि लख्ख उन्हात पाच वाजता मारवा लावणारे प्लगइन त्याला वेडगळच वाटेल. अक्षांश, रेखांश आणि तारीख यांवरून सूर्योदय व सूर्यास्त काढण्याचे सूत्र लुआत तीस-चाळीस ओळींत बसते. ज्याला हौस असेल त्याने ते अवश्य बसवावे.

निवडलेल्या ध्वनिमुद्रणांचा आपसांतला क्रम ठरवताना पत्ते पिसायचे असतील, तर तेथेही एक जुनी खोड सांभाळावी लागते. यादीतल्या प्रत्येक स्थानाची अदलाबदल कोणत्याही स्थानाशी करीत जाणे निष्पक्ष वाटते, पण तसे ते नाही: तीनच गाणी घेतली तर अशा अदलाबदलीच्या वाटा २७ होतात, क्रम मात्र सहाच संभवतात, आणि सहाने सत्तावीसला निःशेष भाग जात नाही, सहांपैकी तीन क्रम पाच-पाच वाटांनी आणि तीन चार-चार वाटांनी येतात. शेवटच्या स्थानापासून उलटे येत, प्रत्येक स्थानाची अदलाबदल केवळ त्याच्या आधीच्यांशी किंवा स्वतःशीच करावी, म्हणजे सर्व क्रमांना सारखाच न्याय मिळतो. फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ साली कागद-पेन्सिलीसाठी सांगितलेली ही रीत डर्स्टनफेल्डने १९६४ साली संगणकाला साजेशा रूपात मांडली. ख्यालांच्या बाबतीत पिसणी वापरावी की विलंबित आधी व द्रुत नंतर हा क्रम राखावा, हे मी विचारणार नाही. उत्तर उघड आहे.

आतापर्यंत वर्णिलेल्या संहितेची मर्यादा अशी की, ‘पार्स’ एकदाच चालते. संध्याकाळी सहाला यादी उघडली तर ती सहा वाजताचीच राहते. तासाभराच्या दोन पूरिया होऊन रात्र पडली तरी पुढे श्री आणि मारवाच रांगेत उभे असतात. यादीने वेळेबरोबर चालावे असे वाटत असेल तर लुआचाच दुसरा प्रकार घ्यावा लागतो, ज्याला व्हीएलसी ‘एक्स्टेन्शन’ म्हणतो. त्याच्याकडून आधी एक ओळखपत्र मागितले जाते, ज्यात नाव, आवृत्ती आणि त्याला कोणते अधिकार हवेत ते नमूद असते. वाजणारी फाइल बदलली की वर्दी मिळण्याचा अधिकार मागितला असेल, तर प्रत्येक बदलाच्या वेळी त्याचे एक कार्य बोलावले जाते, आणि त्यात घड्याळ पाहून पुढचे एकच ध्वनिमुद्रण रांगेच्या शेवटी जोडता येते. एकच जोडावे, हा माझा आग्रह आहे. यादी नेहमी एका पावलापुरती लिहिलेली असावी, आणि चालू असलेला ख्याल सात वाजले म्हणून मध्येच तोडू नये. त्या कार्यात फार वेळ रेंगाळणेही बरे नव्हे. एक्स्टेन्शन उत्तर देईनासे झाले की प्लेअर मालकाला ते बंद करण्याविषयी विचारतो.

राहता राहिली भैरवी. रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद हे चारही स्वर कोमल असल्याने नियमाप्रमाणे ती तिसऱ्या वर्गात पडते, प्रथेप्रमाणे ती प्रातःकालाची आहे, आणि प्रत्यक्षात ती कोणत्याही वेळच्या मैफलीची सांगता करते. म्हणजे तिची वेळ घड्याळात नसून यादीतल्या स्थानात आहे. हा संकेत जगाला ठाऊक नाही याचा मोठा विलक्षण दाखला आकाशात आहे. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवलेली आहे, तिच्यावरच्या २७ संगीतरचनांमध्ये गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी पंचविसावी आहे. तिच्यानंतर आणखी दोन रचना वाजतात, आणि त्या यादीत दुरुस्ती करणारे कोणतेही प्लगइन आता तेथवर पोहोचणार नाही.

आपल्या एक्स्टेन्शनमध्ये मात्र सोय करता येते. यादी अखंड वाढती ठेवली तर तिला शेवटच नसतो, आणि शेवट नाही म्हणून भैरवीला जागा नसते. मैफल कधी आवरायची हे घड्याळ सांगू शकत नाही, श्रोताच सांगू शकतो. ओळखपत्रात मेन्यूचा अधिकार मागून घ्यावा, त्यात ‘आता भैरवी’ असे एकच कलम ठेवावे, आणि श्रोत्याने ते निवडले की चालू गायन पूर्ण होऊ देऊन, पुढे रांगेत जे काही असेल ते काढून टाकून, संग्रहातली एक भैरवी तेथे ठेवावी व नवीन काही जोडणे थांबवावे.